डब्याची जागा

९ जानेवारी १९७४, बुधवार. मंगरूळपीर
अकोल्याहून परत. दुकानात आठ इंची नवा स्पीकर ऐकला. आवाज स्वच्छ, पण पोटात काही हलत नाही. दुकानदार म्हणाला, "घरात याच्याहून मोठा कोन लावते?"  घरच्या दोन लहान स्पीकरांवर गाणारा अगदी समोर बसलेला वाटतो, आणि तबल्याचा डग्गा मात्र शेजारच्या गावात.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दिवसभर कानाला चिरके आवाज. तारेतून जाड आवाज येतच नाही. सगळी माणसं नाकातून बोलतात. घरी आल्यावर तरी पुरता आवाज हवा. एवढंच तर मागतोय.

सुमनला सांगितलं, मोठाच घेणार. ती शिवणाच्या मशीनवर होती. मान वर न करता म्हणाली, "दोन खोल्याईत ठेवसान कुठी?"

१३ जाने., रवि.
शिरपूरला गेलो. तिथे उतरलेल्या टुरिंग टॉकीजचा मालक धंदा मोडतोय. पडद्यामागचा बारा इंची स्पीकर पोत्यावर उपडा पडलेला. कागद एका बाजूने फाटलेला, लोहचुंबक मात्र दगडासारखा जड. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर दोन महिने मुका होता. मी चार तासांत बोलता केला. बदल्यात स्पीकर.

नवा आठ इंची घ्यावा की हा फाटका बारा इंची, हा प्रश्न वाटेत तीनदा मनात आला. तिन्ही वेळा उत्तर हाच फाटका. बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो. शेजारची म्हातारी म्हणे, "घमेलं कायचं हाय बापा?"

१६ जाने.
पातळ कागद आणि डिंक लावून फाट बुजवली. बोटाने हलकेच दाबला की आत जातो, सोडला की परत येतो. निजलेल्या गाईच्या पोटासारखा. सुकायला दोन दिवस द्यायचे होते. एकच दिला. धीर नाही.

२० जाने., रवि.
सुतार आज पेटी देऊन गेला. साग, कमरेएवढी उंच. आत कापूस भरायचा, नाहीतर पेटीच बोलायला लागते. जुनी गादी उसवली. सुमन म्हणाली, "या घरात आता आमी दोघी. मी अन् हा डब्बा. एकीनंच राहावं." पण कापूस पिंजायला तीच बसली. बारीक आवाज अडवायला तारेचं वेटोळं केलं, तेही तिनेच गुंडाळून दिलं. माझ्या हाताला घाई फार.

खिडकीखाली ठेवून लावला. काहीच नाही! एवढा मोठा डबा आणि आवाज कुठे गेला?

२४ जाने.
चार दिवसांत पाच जागा. खाटेशेजारी: नुसती भणभण. दाराजवळ: बरा, पण दार उघडत नाही. मधल्या भिंतीला: मी बसतो तिथे शून्य, आणि स्वयंपाकघरात पिठाचा डबा थरथरतो. जिथे कोणी बसत नाही तिथे सगळा आवाज जमतो. असं का?

ड्यूटीवर एका वकिलाला दवाखान्याची लाइन जोडून दिली. डोकं डब्यात.

२७ जाने., रवि.
बा आला. आसेगावहून, एकटाच, बसने. आता आमच्याकडेच राहणार. ऐकू फार कमी येतं. गावात पारावर बसणं सोडलं होतं. लोक बोलतात आणि आपण नुसतं हसायचं, याचा त्याला राग येतो. सुमनने कानाशी जाऊन "चहा घेता का मामाजी?" विचारलं तर म्हणाला, "ओरडू नको बाई. मी भयरा हाय, मूर्ख नाई."

दीक्षेच्या सालापर्यंत गावच्या लग्नाकार्यात बा डफडं वाजवायचा. आमच्या घरचं काम होतं ते, त्याच्या बापापासूनचं. नागपूरहून परत आला आणि डफडं चुलीत घातलं. मी दहा वर्षांचा. त्यानंतर त्या विषयावर घरात अवाक्षर नाही.

३१ जाने.
संध्याकाळी तबकडी लावली होती. बा धान्याच्या कोठीपाशी भिंतीला टेकून विडी पेटवत होता. काडी हातात तशीच. म्हणाला, "कोन वाजवून राह्यलं?"

आल्यापासून या घरात त्याला ओरडल्याशिवाय ऐकू आलेली पहिली गोष्ट. बारीक आवाज गेलेत त्याचे, जाड शिल्लक आहेत. मी उठून खोलीच्या मधोमध गेलो. तिथे पुन्हा शून्य. बाच्या जागी येऊन बसलो तर छातीत डग्गा.

३ फेब्रुवारी, रवि.
आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

मी डबा इकडून तिकडे ओढत होतो. बा बघत होता. शेवटी वैतागून म्हणाला, "लेका, उलटं करून राह्यला तू. ऐकनारा जिथी बसते तिथी ठेव त्याले. अन् तू हिंड. जिथी बरा वाजन तिथी मंग डब्बा नेऊन ठेव."

डबा चटईवर, मी बसतो तिथे ठेवला. तबकडी लावली आणि भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत निघालो. सुमन दारात तोंडाला पदर लावून. बा माझ्यापुढे, वाकून, भिंतीवर तळहात ठेवत. "हे नाई. हे नाई. इथी नुसता घुमते." कोपऱ्यापासून दोन हात अलीकडे, मधल्या, कवाड नसलेल्या दाराच्या चौकटीशी थांबला. तळहात काढेना. "इथी."

मी कान लावला. खरंच तिथेच. डबा तिथे नेला, तोंड थोडं भिंतीकडे वळवलं (हेही बानेच सांगितलं), आणि चटईवर येऊन बसलो. काय सांगू! डग्ग्यावरचा हात घासत येतो तोही दिसला. सुमन दारातून आत आली आणि तबकडीची दुसरी बाजू लावा म्हणाली. तिघं बसलो. बाच्या मांडीवर बोटं चालत होती.

मी विचारलं, "बा, हे कुठी शिकला?"

"लोकायच्या आंगनात," म्हणाला. बोटं थांबली.  मी विचारायला नको होतं.

१० फेब्रु., रवि.
घरमालक गणपतराव आले. पुढच्या घरात ते, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. त्यांची शेती आसेगावलाच. खोली देताना काहीएक विचारलं नव्हतं. "गावचं पोट्टं हाय," एवढंच म्हणाले होते. माणूस चांगला, हे लिहायला हवं.

डबा ऐकून खूष. डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "उत्तमराव, दहा मार्चले पोरीचं लग्न हाय, आसेगावात, आपल्या घरासमोर. तुमचा हा डब्बा मांडवात लावा. गावानं असा आवाज ऐकला नाई." मी हो म्हणून बसलो. विचार केला नाही. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

जाताना बाच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, "संपत, तुहं पोट्टं नाव काढून राह्यलं." मी उत्तमराव, बा संपत. एरवी हे कानाला लागलं नसतं.

११ फेब्रु.
बाला कळलं. सुमनने सांगितलं. भाकर मोडता मोडता थांबला.

"कोनाच्या दारात?"

"गणपतरावच्या. बा, मशीन हाय ते. मी बटन दाबनार अन् खुर्चीवर बसनार."

"अन् जेवनार कवा?"

मी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"आमी पंगती उठल्यावर जेवो. तवरोक वाजवो. जेवनाऱ्याले वाजलेलं पाह्यजे ना!" ताट सरकवलं. "जाय. तुले जायाचं असन तं जाय. मी काई येत नाई पाह्यले."

१५ फेब्रु.
काळ बदलला, हे मी त्याला कसं सांगू? बदललाच आहे. मी सरकारी नोकरीत आहे, गणपतराव माझ्यासोबत चहा पितात. मला बशीत ओतून नाही, त्यांच्यासारख्याच कपात. पण "जेवनार कवा" डोक्यातून जात नाही. एक्स्चेंजमध्ये उभा राहतो, बसतो, पुन्हा उभा. हेड म्हणाले, "मुंग्या चढल्या का रे?"

सुमनला विचारलं, तुला काय वाटतं. ती काजं करत होती. म्हणाली, "पत्रिका आली का आपल्याले?"

नाही आली. पुढच्या आळीत सगळ्यांना आली.

"मंग आपल्याले बोलावलं नाई. डब्ब्याले बोलावलं."

२४ फेब्रु., रवि.
सकाळी गणपतरावांकडे गेलो. ओट्यावर पत्रिकांचा गठ्ठा, ते नावं घालत होते. कदाचित आमचीही होती त्यात. विचारलं नाही.

जमणार नाही म्हणालो. त्यांनी पेन ठेवलं. "काहून?"

इथे मी चुकलो. खरं कारण जिभेवर होतं. तेवढ्यात त्यांच्या घरातून पोरगी चहा घेऊन आली, नवरी तीच, हसली. आणि मी म्हणालो, "बा नाई म्हनते."

"संपत?" त्यांना खरंच समजेना. "मी कवा तुमाले वेगळं पाह्यलं? सांगा ना, कवा?"

नाही पाहिलं. तेच तर. मी चहा घेतला आणि उठलो. स्वतःचा नकार बापाच्या अंगावर टाकून आलो. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी.

बाने विचारलं, "काय सांगतलं त्याले?" मी म्हणालो, "मी नाई म्हटलं." त्याने मान हलवली, समाधानाने. 

१० मार्च, रवि.
पुढचं घर सकाळपासून रिकामं. सगळे आसेगावला. वाशिमहून कर्णे नेलेत म्हणे. पत्रिका आली नाही. की माझ्या नकारामुळे राहिली? कळायला मार्ग नाही.

आमच्या समाजाच्या मोहल्ल्यातली पोरं आली. चौदा एप्रिलच्या जयंतीला विहारापाशी डबा लावायचा म्हणतात. मला वाटलं, याला तरी बा हो म्हणेल. तर नाही. पोरं चिडली. "बाबा, हे तं आपलंच हाय ना!"

बा म्हणाला, "आपलंच हाय. खुर्च्या मांडाले येतो, आंगन झाडाले येतो. पन हे इथीच राहू द्या. जलमभर लोकायच्या दारात वाजवलं. आपल्या घरात, आपल्यासाठी कवाच वाजलं नाई. आता वाजून राह्यलं तं वाजू द्या थोडं."

पोरं गेली. नाराजच. त्यांचंही खोटं नाही. दुपारभर बा चटईवर, मी दारात. आत-बाहेर, आत-बाहेर. सुमन म्हणाली, "एका जागी बसा ना."

१७ मार्च, रवि.
दोन गोष्टी.

गणपतरावांनी बोलावलं. पुतण्या शिकायला येणार आहे, मागच्या खोल्या महिन्याभरात लागतील. रागावून नाही, गोडीने बोलले. पुतण्या आहे, हेही खरं. तो येणार होता का, ते मला ठाऊक नाही.

दुसरी. बा अंगणात होता. त्याच्या कानाशी जाऊन गणपतराव म्हणाले, "संपत, तूच नाई म्हटलं ना, नाहीतं उत्तमराव तयार होते."

बा घरात आला. माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, "बा, मी तुह्या नावावर टाकलं."

वाटलं, आता हा चप्पल घालून आसेगावला चालू लागेल. तो खाली बसला, विडी काढली. 

"ते 'नाई' तं माहंच होतं," म्हणाला. "पन तुले तुहं सोताचं पाह्यजे होतं."

याहून जास्त काही बोलला असता तर बरं झालं असतं.

२४ मार्च, रवि.
खोल्या बघणं चालू. एक मिळत होती, दुसऱ्या दिवशी "भावाले देल्ली." दुसरी मानोऱ्याच्या रस्त्याला, तिथे पाण्याचे हाल. सुमनने भांडी बांधायला घेतलीत. डब्याचा स्पीकर काढून वेगळा न्यावा की पेटीसकट? रात्रंदिवस हेच. खरं तर डब्याची काळजी नाही मला. पण दुसरी काळजी हाताळता येत नाही.

३१ मार्च, रवि.
दुपारी बाला घेऊन एक घर बघायला गेलो. गावाच्या कडेला, दोन खोल्या, खाली फरशी, सरळ भिंती. मालक धोतर-टोपीतला, सभ्य, किल्ल्यांचा जुडगा हातात.

रिकाम्या खोलीत बा मधोमध उभा राहिला आणि त्याने एकदम टाळी वाजवली. मालक दचकला. बाने भिंतीवर तळहात ठेवला, दोन पावलं सरकला, पुन्हा टाळी. मला म्हणाला, "हे खोली बोलते. पयल्यापेक्षा चांगली हाय."

मी कोपऱ्यापासून वितीने मोजायला लागलो. चार, पाच. मालक माझ्या पाठीशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "तुमी कोन लोक, ते सांगतलं नाई."

माझी वीत भिंतीवर. सहावी. या वेळी मीच बोलायचं होतं, आठ दिवस घोकलं होतं. वळलो आणि म्हणालो, "आमी बौद्ध. आसेगावचे."

आवाज निघाला तो अगदी एक्स्चेंजमधला, बारीक. बाला ऐकू गेलं नाही, पण त्याने माझं तोंड पाहिलं. जवळ येऊन विचारलं, "काय म्हटलं?"

मी पुन्हा म्हणालो. मोठ्याने. रिकाम्या खोलीत ते चारी भिंतींना लागून फिरलं.

मालकाने किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. "उद्या सांगतो," म्हणाला.

बाला ते ऐकू गेलं नाही. मी सांगितलंही नाही अजून. तो वाटभर डबा कोणत्या भिंतीला ठेवायचा ते बोलत आला.