क्ष-किरण तंबूपाशी जातं आणू देण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख वैद्यकीय अधिकारी,
फिरते क्ष-किरण पथक,
मुक्काम नळदुर्ग, जि. उस्मानाबाद.

विषय : माझी नात सायराबी, वय अडीच वर्षे, हिला फोटोसाठी झोपवण्याकरिता तंबूपाशी जातं आणू देण्याबाबत.
संदर्भ : आपले कारकून बलभीमराव यांचा काल, मंगळवारचा, तोंडी नकार.

महोदय,

अर्जदार मुनवर नालबंद, राहणार नळदुर्ग, धंदा बैलांना नाल ठोकणे. शाळा पाहिली ती बाहेरून. उर्दू बापाकडून शिकलो, मराठी दुकानांच्या पाट्यांवरून. अर्जात अदब कमी पडली तर ती पाट्यांवर नव्हती असं समजावं.

१. सायराबी आठ दिवसांपूर्वी कडब्याच्या गंजीवरून पडली. तेव्हापासून उजवा पाय टेकत नाही. आपण सांगितलंत, की हाड फोटोत पाहिल्याशिवाय प्लास्टर घालता येत नाही, आणि उशीर झाला तर हाड वाकडं जुळेल. आपलं पथक शनिवारी सकाळी उठणार. म्हणजे पोरीच्या चालण्याला तीन दिवस उरले.

२. सोमवारी पहिला फोटो. यंत्र बघताच पोरगी मासळीसारखी उसळली. बलभीमराव म्हणाले, "मियाँ, तुमी बैल धरता, अन् ही एवढीशी पोर धरवत न्हाय व्हय?" मला राग आला आणि म्या पाय धरला. फोटोत माझ्या पाची बोटांची हाडं लई स्वच्छ आली. पायाचा पत्ता नव्हता. आपण आम्हा दोघांना रागावलात, ते योग्यच केलंत.

३. मंगळवारी आपण गुंगीचं औषध मोजून पाजलंत. बाकीची लेकरं त्यानं झोपतात, ही हसायला लागली. तासभर हसली, टाळ्या पिटल्या, बलभीमरावांची टोपी ओढून स्वतः घातली. त्या फोटोत एका पायाचे तीन दिसले. आपण म्हणालात, "काही लेकरांना हे औषध उलटं चढतं. आणखी दिलं तर श्वास मंदावेल. मी देणार नाही." हे मला पटलं. औषधाबद्दल माझी तक्रार नाही.

४. तक्रार इथून पुढं आहे. माझी बायको खातूनबी पहाटे जोंधळे दळते. एक पाय लांब सोडते, त्या मांडीवर सायराचं डोकं. जातं फिरलं की पोरगी झोपते, ती दळण संपेपर्यंत उठत नाही. म्हणून आपण आत दुसरे रोगी बघत असताना खातूनबी दारात म्हणाली, "औषधानं झोपंना तर मी माझं जातं आणते." बलभीमरावांनी छापील कागद काढला. त्यात 'औषध दिले' आणि 'औषध दिले नाही' एवढे दोनच रकाने. जात्याला रकाना नाही. वर म्हणाले, "बाई, हा दवाखाना हाय, पिठाची गिरणी न्हाय." खातूनबी म्हणाली, "गिरणी असती तर दोन दिवसांत पीठ तरी हाती आलं असतं." त्यावर हुकूम झाला, लेखी अर्ज करा. छापील कागदाला पोरीचा पाय दिसत नाही, हे मला कळतं. बलभीमरावांना डोळे आहेत.

५. आज सकाळी घरी चाचणी घेतली. पोरगी फळीवर, पोत्याच्या पडद्याआड जातं. पाय हळूच फोटोला ठेवतात तसा ठेवला, तोंडावर कंदील धरला, शेजारच्या सत्यभामाबाईंनी उशाशी डबा वाजवला. हूं नाही की चूं नाही. जातं थांबलं, तसे टक्क डोळे उघडले. म्हणून मागणी इतकीच, की तंबूच्या कनातीला लागून बाहेरच्या अंगाला चार हात जागा द्यावी आणि फोटो निघेपर्यंत कुणी जातं थांबवू नये. खातूनबीला किरण लागणार नाहीत, यंत्राला दगड लागणार नाही. निघालेलं पीठ पथकाच्या भाकरीला.

६. लेखी उत्तर पाठवण्याचे कष्ट घेऊ नयेत, तितका वेळ नाही. पोरीला पहाटेपासून जागं ठेवून आम्ही उद्या, गुरुवारी, सकाळी सातला जातं घेऊन येत आहोत. नकार असेल तर तंबूच्या दोरीबाहेर, रस्त्यावर बसू. तिथून एका जात्याचा आवाज पोचत नाही, म्हणून गल्लीतल्या सात बायका आपापली जाती घेऊन निघणार आहेत. रस्ता बांधकाम खात्याचा आहे, तिथं बलभीमरावांचा कागद चालत नाही. सात जाती एकदम फिरली की सायरा झोपेलच. तिच्याबरोबर बलभीमरावही झोपले, तर त्यास अर्जदार जबाबदार नाही. आपण तेवढं जागं राहून फोटो काढावा.

आपला नम्र, पण उद्या येणारच असा अर्जदार,
मुनवर नालबंद
नळदुर्ग, बुधवार, ता. ११ फेब्रुवारी १९५९