हिरवी खूण

प्रिय भांडखोरबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायलाच घेतलं असशील. थांब. तू माझा नंबर बंद करून टाकलास, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुमच्या फाटकाशी उभा राहून मी जो तमाशा केला, त्यानंतर कुणीही तेच केलं असतं. हे प्रेमपत्र नाही. म्हणजे थोडंफार असेलच, माझा हात माझं कुठे ऐकतो? पण हे बाबांबद्दल आहे, तुझ्या बाबांबद्दल. एकदम सांगायला धजत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. शेवटपर्यंत वाच.

मी कॉलेज सोडलं ते तुला माहीत आहे. नंतर एका दुकानात लागलो. आपोआप गवत कापणारी यंत्रं असतात ना, चपटी, कासवासारखी, ती आम्ही विकायचो आणि बसवून द्यायचो. हिरवळीच्या कडेनं जमिनीत बोटभर खोल तार पुरायची, ती यंत्राची हद्द. तारेपाशी आलं की ते वळतं. बाकी जगाचं त्याला काही कळत नाही. काम झालं की कोपऱ्यातल्या आपल्या खोपटात जाऊन चार्ज होत बसतं. मी त्याची पाती बदलायचो, पोटाखालचा चिखल खरवडायचो. मालक म्हणायचा, तुझ्यापेक्षा यंत्राचं डोकं थंड आहे. बरोबर आहे त्याचं.

तू तिकडे शिकायला गेल्यावर बाबांसाठी यंत्र मागवलंस आणि ते बसवायला नेमकं मलाच पाठवलं. दार बाबांनीच उघडलं. मला वाटलं, आता काठी बसणार. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, ‘तू होय? ये. तार सरळ पूर.’ जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस. एक कोपरा मला दोनदा उकरायला लावला. मग यंत्र सुरू झालं आणि लागलं की तिरपं, उलटं, कसंही भटकायला. बाबा स्वतः कापायचे तेव्हा आखल्यासारखे पट्टे उठायचे, आठवतंय ना? ते कपाळाला हात लावून म्हणाले, ‘हे पिऊन आलंय काय?’ संध्याकाळपर्यंत त्याचं बारसं झालं होतं. घरजावई. कोपऱ्यात झोपतो, फुकट खातो आणि वाटेत चार काटक्या आल्या की अडून बसतो. वर माझ्याकडे बघून, ‘तुझी जागा भरली रे बाबा.’ आणि मी चिडलो नाही. मी! विश्वास ठेव.

मग पाती बघायच्या निमित्तानं मी जातच राहिलो. खरं कारण तुला माहीत आहे. तुझी निळी चप्पल अजून दाराशी आहे. सुरुवातीला बाबा मला चहा करून द्यायचे. मग म्हणाले, तूच कर, तुला सगळं सापडतं. मग त्यांच्या हातात काठी आली. मग जेवणाच्या टेबलाची खुर्ची खिडकीशी गेली, आणि एक दिवस मी आणि कामवाल्या मावशींनी मिळून त्यांची कॉटच खिडकीशी ओढली. घरजावई नीट दिसावा म्हणून, असं ते म्हणाले. आणि मी ते खरं मानलं. अक्कल माझी.

यंत्र फिरून खोपटात परतलं की तुझ्या फोनवर हिरवी खूण उमटते. बाबांना ती जिवापेक्षा प्यारी. ‘ती खूण बघते आणि तिला कळतं, घर ठीक आहे,’ म्हणायचे. यंत्र अडलं की ‘अरे बघ, बघ’ करून मला पळवायचे. तू फोन करतेस तेव्हा काय होतं ते तुला सांगायलाच हवं. आधी उशीला टेकून बसायचं. खाकरून घसा मोकळा करायचा. मावशींनी पाण्याचा पेला हातात द्यायचा. मी खिडकी उघडायची, म्हणजे यंत्राची घरघर तुला ऐकू जाईल. आवाज बसलाय तो सर्दीनं नाही गं. आणि बिघडलाय म्हणून सांगतात तो फोनचा कॅमेरा अगदी ठणठणीत आहे. तू ठेवलंस की ते भिंतीकडे तोंड करून पडतात, आणि मावशी मला खुणेनं बाहेर काढतात.

मी भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, तिला बोलवा. तर म्हणाले, ‘तिची परीक्षा होऊ दे. एकानं कॉलेज सोडलं तेवढं पुरे.’ कुणाच्याही फोनवरून मी तुला फोन करणार नाही, अशी त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली, हात हातात धरून. तो हात म्हणजे नुसती हाडं.

म्हणून मी तार तोडली. पक्कड घेतली आणि फाटकाजवळची तार कचकन कापली. यंत्र जागच्या जागी थांबलं. वाटलं, आता तुझ्या फोनवर लाल खूण जाईल, तुझं काळीज हलेल, तू घरी फोन लावशील आणि बाबांच्या आवाजातलं काहीतरी तुला यावेळी ऐकू येईल. पण तू दुकानाकडे लेखी तक्रार केलीस. ‘यंत्र बंद आहे, वडिलांची गैरसोय होते, तातडीनं दुरुस्त करावं.’ मालकानं तो कागद माझ्याच हातात ठेवला. तुझा नवा पत्ता मला त्यावरच मिळाला. असा संताप आला म्हणून सांगू! तसाच बाबांकडे गेलो आणि कागद त्यांच्यापुढे आपटला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, पुन्हा वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही तू कुठला गड जिंकून आलीस. ‘बघ, किती लक्ष आहे पोरीचं,’ म्हणाले. कागद त्यांनी उशीखाली ठेवलाय.

शपथ फोनची होती, पत्राचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. त्यांच्या पोटात गाठ आहे, आणि ती आता पोटात मावत नाही. डॉक्टरीणबाई येतात, पण दुसरं औषध देत नाहीत, फक्त वेदनेचं वाढवतात. मी तार जोडायला नकार दिला म्हणून मालकानं मला काढून टाकलं, उद्या तो दुसऱ्या माणसाला पाठवतोय. हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा घरजावई पुन्हा फिरत असेल आणि तुझ्या फोनवर हिरवी खूण उमटत असेल. ती खोटी आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मावशींना विचार, पण त्या खुणेवर जाऊ नकोस. ये. मी समोर नको असेन तर नसेन. तू आत आलीस की मागच्या दारानं निघून जाईन.

तुझाच, तू म्हण नाहीतर म्हणू नकोस,
तार तोडणारा