सोडियमच्या दिव्याचा चोक

करडी, ता. मोहाडी
९ डिसेंबर १९८१

ती. परसरामभाऊ यांस,
तेजरामचा नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले. ते खरे धरू नकोस.

तुझे कार्ड मिळाले. दिवा लागला की नाही, एवढेच तू विचारले आहेस. लागला. आधी त्याचेच सांगतो, कारण दिवाळीपर्यंत मी दुसरे काही केलेच नाही.

तू तिकडे ठाण्यात रस्त्यांवरचे दिवे लावतोस, मी इथे पंपाच्या मोटारी बांधतो. म्हणजे विजेतले दोघांनाही कळते. मग दिव्यासोबतच्या चिठ्ठीत असे कसे लिहिलेस, की खळ्यावरच्या पांढऱ्या दिव्याची पेटी तशीच राहू दे, होल्डर बदल आणि ही सोडियमची नळी लाव, चोक कोणताही चालेल? कोणताही चालत नाही, भाऊ. जुन्या चोकवर तुझी नळी आठ दिवस मेल्यासारखी लटकत होती. भंडाऱ्याच्या दुकानदाराने दुसरा दिला, तोही चालला नाही. तुमसरच्या माणसाने तर असला दिवा पाहिलाच नव्हता. मी नागपूरला दोन खेपा केल्या. दुसऱ्या खेपेला एका म्हाताऱ्या मिस्त्रीने नळीवरचा नंबर वाचला आणि मला वेड्यात काढले. ही पेटायला साडेचारशेच्या वर व्होल्ट मागते, म्हणाला, तिचा चोक वेगळाच असतो, पुढच्या सोमवारी ये, एका कारखान्याच्या आवारातून काढलेला आणून ठेवतो. आपल्याकडे संध्याकाळी धड दोनशे येत नाहीत, आणि तू साडेचारशे मागणारा दिवा पाठवलास.

आणि तरी मी गेलो. गावात सगळ्यांना माहीत होते, परसरामने दिवा पाठवला आहे, त्याच्यावर तुडतुडे येत नाहीत. धान निसवले की पांढऱ्या दिव्याखाली तुडतुड्यांचा कसा सडा पडतो ते तू विसरला नसशील. जेवताना ताटात, बोलताना तोंडात. बाबा खळ्यावर राखणीला बसतात, त्यांच्या डोळ्यांत जातात. मुंबईकडच्या लेकाने बापाचे डोळे वाचवले, असे चिंधूकाका पारावर सांगत होते. आणि मी, इथला लेक, चोक सापडत नाही म्हणून तोंड लपवत होतो. राग तेव्हापासूनचा आहे.

तिसऱ्या खेपेच्या सकाळी बाबा धुतलेले धोतर नेसून दारात उभे होते. "तेजा, मीबी येतो. डाक्टरले छाती दाखवतो. दुखून राहिली." मी पिशवी आवळत होतो. तो चोक पाट्याएवढा जड, एस.टी. दोनदा बदलायची, त्यात त्यांना धरून चढवायचे. मी म्हटले, "पुढच्या खेपेले, बाबा. आज चोक आनाचा हाये." ते धोतर बदलून खळ्यावर गेले.

पुढची खेप झालीच नाही. चोक मिळाल्यावर नागपूरला जायचे कारण उरले नव्हते.

दिवाळीच्या आदल्या दिवशी दिवा लागला. आधी लालसर, मग हळूहळू पिवळाधमक. सगळे गाव बघायला आले. तुडतुडे खरेच कमी झाले, ते श्रेय तुझे. पण त्या उजेडात रंगच दिसत नाहीत, हे तू लिहिले नव्हतेस. आमच्या हिचे, निर्मलाचे, लाल लुगडे काळे दिसायला लागले, वाळत घातलेली मिरची कोळशासारखी. पोरे हसत होती. मीही हसलो.

आता ते लिहितो, जे तीन पाने फाडूनही लिहिता आले नाही.

बाबा खाटेजवळ धानाच्या तणसावर थुंकायचे. तंबाखू तुला माहीतच आहे. तणसावर काळे डाग दिसायचे. मी रोज संध्याकाळी त्यांच्यावर डाफरायचो, की बैलांच्या तोंडचे तणस आहे, खराब करू नका, आणि डागांवर राख टाकायचो. महिनाभर टाकली. मागच्या बुधवारी संध्याकाळी सातच्या सुमारास लाईट गेली. आई कंदील घेऊन खळ्यावर आली आणि तिथेच खाली बसली. कंदिलाच्या उजेडात ते डाग लाल होते, भाऊ. तंबाखू नव्हती. बाबांनी तंबाखू दसऱ्यालाच सोडली होती, आईला माहीत होते. मी कधी विचारलेच नाही.

ते आता भंडाऱ्याला दवाखान्यात आहेत. दोन्ही फुप्फुसे गेली आहेत. डॉक्टर म्हणाले, दीड महिना आधी आणायचे होते. मी दिवसांचा हिशेब करून पाहिला. तो सोमवार त्यात बसतो.

तुला शिव्या द्यायला हे पत्र सुरू केले होते. अजूनही द्याव्याशा वाटतात. तीन वर्षांत तू रेडिओ पाठवलास, घोंगडी पाठवलीस, दिवा पाठवलास. एकदाही तू आला नाहीस. पण चोकसाठी बापाला दारात तू ठेवले नाहीस. ते मी केले. ते तुझ्या अंगावर टाकता येत नाही, त्याचाच जास्त राग येतो.

बाबा रोज विचारतात, "परसूचा दिवा लागते ना?" मी हो म्हणतो. बाजूच्या खाटेवाल्याला ते अभिमानाने सांगतात, की त्या दिव्याखाली एक किडा येत नाही. खरे म्हणजे बुधवारीच मी नळी काढली. चोकही उतरवला, पण तो उचलवला नाही. खळ्यावर पडून आहे. आई कंदील लावते.

आता काही पाठवू नकोस. सामान, पैसे, चिठ्ठी, काही नको. तू ये, आणि दिवा लागतो की नाही ते बाबांना तूच सांग. माझ्याने रोज खोटे बोलवत नाही.

वाट पाहतो आहे, राग गेलेला नाही,
तेजराम