पाचवी खिडकी

हॅझलकोट, लडलोजवळ
९ नोव्हेंबर १८२२

प्रिय अ‍ॅम्ब्रोस,

चेल्टनहॅममध्ये तू खुशाल असशील, नव्या घरांची कामं जोरात असतील. इकडे आम्ही भिजतो आहोत.

तू बांधलेल्या या घराचं कौतुक काय सांगू! छपराचा उतार रस्त्यावरून दिसू नये म्हणून तू पुढे कठडा उभारलास. त्यामागच्या पन्हाळीत दरवर्षी पानं तुंबतात आणि पाणी थेट आमच्या अंथरुणात. वरच्या मजल्यावर सध्या सात घमेली मांडली आहेत. काल पाद्रीसाहेबांची बायको म्हणाली, "किती देखणं घर आहे हो!" मी म्हटलं, "बाहेरून बघता ना, म्हणून."

कोरडी राहते ती एकच खोली, चादरींची कोठी. कोठीला उजेड नको, पण दर्शनी भिंतीवर पाच खिडक्या दिसल्याच पाहिजेत, म्हणून तू तिथे भिंतीवर बाहेरून नुसती खिडकी रंगवून घेतलीस. काचा, चौकट, अर्धा ओढलेला पडदासुद्धा. "माझ्या घराला खोटी खिडकी नको," म्हणून बाबा ओरडले आणि तू टोपी उचलून निघालास, त्याला सहा वर्षं झाली. अजून नवी मोलकरीण आली की तो पडदा वर करायला जिना चढते.

लिहायचं टाळत होते. सप्टेंबरपासून बाबा त्या कोठीतच झोपून आहेत. पाय सुजलेत, जवाच्या पेजेचे दोन घास कसेबसे जातात. ख्रिसमसपर्यंत तरी राहतील, असं डॉक्टर म्हणत नाहीत.

भर दुपारी मेणबत्ती लावून मी कंटाळले. सोमवारी टॉबिट गवंड्याला बोलावलं, म्हटलं फोड भिंत आणि खरी खिडकी बसव. त्यानं पहिला घाव घातला आणि आठ दिवस न बोललेले बाबा गरजले, "हात लावलास तर याद राख!"

"मालक, उजेड येईल."

"उजेडाचं काय लोणचं घालू? तुझी खिडकी बाकीच्या चारांच्या रेषेत येणार आहे का? पोरगा आला की मलाच बोलेल."

पोरगा आला की! मी जिन्यावर जाऊन रडले.

आता खरं सांगते. पहिल्या वर्षी तू "येऊ का?" विचारलंस, तेव्हा मी लिहिलं, बाबांना तुझं तोंड बघायचं नाही. ते बाबा कधीच म्हणाले नव्हते. हे गळकं घर माझ्या गळ्यात टाकून तू गेलास, त्याचा राग माझा होता. थोरली असून मी चुकले.

पत्र मिळताच निघ. मागच्या वसंतात तू फाटकापर्यंत येऊन, वर बघून परत गेलास. टॉबिटनं पाहिलं होतं. या वेळी फाटकाशी उभं राहून भागणार नाही. बाबा ज्या खिडकीमागे आहेत, तिच्यातून त्यांना काही दिसत नाही. तुला वरच यावं लागेल.

अजून चिडलेली, पण दार उघडं ठेवलेली
तुझी बहीण,
डोर्कस