व्याह्यांना आगाऊ विकलेली मका

देवगाव रंगारी,
मंगळवार

श्रीमान सुदर्शनराव, मुक्काम छत्रपती संभाजीनगर, यांस बद्रीनाथचा रामराम.

विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऐकून वाईट वाटलं. एरंडाचा पाला गरम करून बांधा, गुण येतो. तुमची साखर ताब्यात असंल, कोंबड्या टायमावर अंडी घालत असतील, जावईबापू वेळेवर जेवत असतील, असं धरून चालतो. आमच्याकडं सगळे खुशाल. इथं चांगलं बोलायचं संपलं. (पत्र मुद्दाम लिहितोय. तुमच्या हापिसात फोन केला की तनुजा उचलते, अन् मोबाइलवर मेसेज टाकला तर चष्मा सापडत नाय म्हणून तुम्ही तो तिच्याकडूनच वाचून घेता. लेकीची तकरार लेकीच्याच तोंडून सासऱ्याला ऐकवायची, हे मला जमणार नाय. तेव्हा चष्मा शोधा.)

श्रावणात मी तुमच्याकडं दोन किलो खवा घेऊन आलो होतो, तिथून सगळी भानगड सुरू झाली. तेव्हा टीव्हीवर रोज एकच चाललं होतं. अमेरिकेनं आपल्या मालावर कर वाढवला, आता त्यांची मका आपल्याला कमी करात येऊ द्यावी लागंल, अन् ती आली की इथल्या मकेला कुत्रं विचारणार नाय. (हे सांगणाऱ्या माणसानं जन्मात मका पाहिली असंल ती तिखट-मीठ लावलेली.) माझी मका तेव्हा कमरेएवढी होती. मी घाबरलो, खोटं कशाला लिहू. तुम्हाला कोंबड्यांच्या खाद्याला बारा महिने मका लागते, म्हणून मीच म्हणलो की आज भाव ठरवू, माल दिवाळीनंतर घ्या. तुम्ही म्हणला, बद्रीनाथराव, सोयऱ्यात व्यवहार नको. तेव्हा गप उठून गाडीत बसलो असतो तर आज हे पत्र लिहायची पाळी आली नसती. पण मी हट्टाला पेटलो अन् तुम्ही तनुजाला हाक मारली. ती आतून कागद घेऊनच आली. शंभर क्विंटल, दोन हजार रुपये भाव, ओलावा चौदा टक्क्यांच्या आत, कार्तिकी पौर्णिमेच्या आत शेडवर पोच. ज्या पोरीला मी पाटीवर हात धरून नाव लिहायला शिकवलं, तिनं मला बोटानं दाखवलं, ‘आप्पा, इथं सही, अन् या पानावर पण.’ मी केली. खवा तुम्ही सगळ्यांनी खाल्ला, मला वाटीभर दिला.

पुढं पंधरा दिवसांत दोन सरकारांची बोलणी फिसकटली, अमेरिकेची मका काय येत नाय, अशी बातमी आली. मोंढ्यात मका तेवीसशेवर गेली. आमच्या शेजारच्या वावरातला कृष्णा माझा भाऊबंद. त्यानं एक दाणा विकलेला नव्हता. तो रोज सकाळी बांधावर येऊन विचारायचा, ‘आप्पा, आज काय भाव म्हणं?’ भाव त्याच्या मोबाइलात होता. त्याला माझं तोंड बघायचं होतं. मी तुम्हाला फोन केला, काहीतरी वाढवून द्या म्हणून. तुम्ही म्हणला, ते तनुजा बघती. तनुजा म्हणली, ‘आप्पा, भाव पंधराशे झाला असता तर पाचशे कमी द्या म्हणायला फोन केला असता का तुम्ही?’ मी फोन ठेवला. (हरलो म्हणून नाय. रेंज गेली होती.)

आता जे लिहितो ते तुम्हाला ठाऊक आहेच, पण माझ्या बाजूनं ऐका. भादव्यात पाऊस लई झाला. खालच्या वावरात गुडघाभर पाणी साचलं, दोन एकर आडवी झाली, यात लबाडी नाय. पण वरच्या वावराला काय झालं नव्हतं, शंभर क्विंटल आरामात भरत होते. मी साठ पाठवले अन् बाकीचे पावसात गेले असा निरोप दिला. चाळीस क्विंटल गोठ्यामागं, जिथं आम्ही जनावरांची कुट्टी ठेवतो त्या खोलीत रचले अन् वरून चारा टाकला. माझ्या हिशेबानं मी बेइमानी केलीच नाय, निसर्गानं थोडी केली होती, मी ती जरा वाढवून सांगितली.

तिसऱ्या दिवशी तुमची जीप दारात. तनुजा उतरली, आईच्या पाया पडली, चहा प्याली, कपबशी विसळून ठेवली अन् सरळ त्या खोलीकडं चालू लागली. ती लहान असताना दिवाळीचे फटाके मी तिथंच लपवायचो. तिला तेव्हाच ठाऊक होतं, हे मला आत्ता कळलं. कृष्णा अन् आणखी चार-पाच जण गोठ्याच्या भिंतीला टेकून बघत होते. मी मनात म्हणलो, बद्रीनाथ, आज गावात राहायची सोय संपली. तिनं चाऱ्याच्या दोन पेंढ्या बाजूला केल्या, मकेच्या पोत्यांचे कट्टे दिसले. ती वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणली, ‘बरं झालं आप्पा, एवढ्या पावसातून तुम्ही एवढी तरी वाचवून ठेवली.’ कृष्णाचं तोंड पडलं. माझ्याच पोरीनं भर गावात माझी लाज राखली. सुदर्शनराव, ती ओरडली असती तर मला एवढा राग आला नसता.

मग तिनं जीपमधून ओलावा मोजायचं मशीन काढलं अन् बापाच्या मकेत मूठ घातली. सतरा निघाला. तीन दिवस मुक्काम ठोकून तिनं चाळीस क्विंटल गच्चीवर अन् अंगणात पसरायला लावली. तिची आई लक्ष्मीबाई, जी माझ्या हाताखाली कधी पोत्याचं तोंड धरायला आली नाय, ती लेकीबरोबर उन्हात मका पालथी घालत होती. मायलेकी वर हसत होत्या. मी खाली रागावून बसलो होतो, पण बघायला कोणी नव्हतं. अकरा कट्टे काळे पडलेत म्हणून तिनं बाजूला काढले, अन् शंभर तर भरलेच पाहिजेत म्हणली. वरच्या वावराचा उरलेला माल मी हौसेनं आधीच विकून बसलो होतो. मग काय, तेवढी मका मी कृष्णाकडून तेवीसशेनं घेतली अन् तुम्हाला दोन हजारानं दिली. कृष्णानं पैसे घेताना माझी तब्येत विचारली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी माल तुमच्या शेडवर पोचला. त्यानंतर आठ दिवसांनी टीव्हीवरचा तोच माणूस पुन्हा सांगायला लागला की अमेरिकेची मका येणार. येणार का नाय ते देव जाणे, पण भाव सोळाशेवर आला. कृष्णाचा उरलेला माल घरातच आहे, त्याला टोके किडे पडायला लागलेत. तो आता बांधावर येत नाय. अन् गाव माझ्याकडं यायला लागलं. बद्रीनाथ आप्पांना बाजार कळतो, श्रावणातच ओळखलं त्यांनी, असं लोक बोलतात. मी मान हलवतो. काय करू? अशा वेळी तुम्ही काय केलं असतं?

पण माझा खरा राग पुढंच आहे. भाव पडल्यावर मला वाटलं, आता व्याही आडवे येतील. ओलावा काढतील, काळ्या दाण्यांचं काढतील, लपवलेल्या कट्ट्यांचं काढतील. मी भांडायची सगळी तयारी करून ठेवली होती, दोन रात्री मनातल्या मनात बोलून बघितलं होतं. तुम्ही ठरल्या भावानं पैसे पाठवून दिले. एक शब्द नाय. निदान शे-दोनशे तरी कापायचे. मी तुमच्याशी जे केलं ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक, तनुजाला ठाऊक, अन् तिघांपैकी कोणीच बोलत नाय. ती रविवारी फोन करती, आईशी अर्धा तास बोलती, मला विचारती, ‘आप्पा, जेवलात का?’ अशानं माणसाला जेवण जातं का? व्याह्यानं व्याह्याला इतकं ओशाळं करून ठेवावं, ही कुठली रीत?

तेव्हा आजपासून तुमच्या-माझ्यात व्यवहार बंद. सोयरीक राहील, तिला माझा इलाज नाय. विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद.

तुमचा, रागावलेलाच,
बद्रीनाथ

ता. क. एक खाद्याची कंपनी रब्बीच्या मकेसाठी गावात कागद घेऊन आलीय. चौदा पानं, अक्षर मुंगीएवढं. गावातले बाराजण सही करायला तयार आहेत, कृष्णासुद्धा, पण आप्पांनी वाचून हो म्हणल्याशिवाय नाय म्हणतात. मी दोन पानं वाचली, डोळा लागला. तनुजाला आठ दिवस पाठवता का? येताना ते मशीन पण द्या. तिच्या कामाचे पैसे आम्ही सगळे मिळून देऊ, हे आत्ताच कबूल करतो, नायतर ती त्याचाही कागद करील.

ता. क. दुसरा. मी बोलावलं असं तिला सांगू नका. आईला बरं नाय म्हणा. लक्ष्मीबाई या खोट्यात यायला तयार नाय, पण तोवर समजूत काढतो.

ता. क. तिसरा. पत्र पोचायला चार दिवस लागतील. तोवर मका दोन हजाराच्या वर गेली, तर सगळं पत्र खरं धरावं. खालीच राहिली, तर फक्त पहिला ता. क. वाचावा.