शिफ्टचा भोंगा

प्रिय पियूषदादा,

जय भीम. हे पत्र आपल्या पावर हाउस वस्तीतला धनंजय तुझ्या हातात देईल. विमानं पुन्हा सुरू झाली म्हणून तो तिकडे कामावर परत निघाला आहे. व्हॉट्सॲपवर काही विचारलं की तू नुसता अंगठा पाठवतोस, आणि तुझा फोन आला की आई तो स्पीकरवरच ठेवते. म्हणून कागद घेतला.

आखातातल्या लढाईच्या बातम्या मी सगळ्या चॅनलवर पाहतो. एक म्हणतं शस्त्रसंधी झाली, दुसरं म्हणतं मोडली. सुपेल्याच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतानाही माझं लक्ष मोबाइलकडे असतं. सेठ म्हणतो, "तेरे देखने से मिसाइल रुक जाएगी क्या?" थांबणार नाही, हे मलाही कळतं. तरी नकाशावर तुझ्या शहराचं नाव आलं की हातातला रॉड पत्र्याला चिकटतो.

मागच्या रविवारी तू बोलत होतास आणि मागे भोंगा सुरू झाला. आई लगेच म्हणाली, "बाबू, भोंगा झाला ना! जाय लवकर, गेटवर लेट होशीन." तूही म्हणालास, "हो माय, निघूनच राहिलो." बाबांची सगळी नोकरी प्लांटच्या भोंग्यावर गेली, आईला दुसरा भोंगा ठाऊकच नाही. तेव्हापासून ती शेजारच्या सिंधुताईंना सांगत असते, "पियूषची कंपनी टाइमाची पक्की हाय." मी तिला तसंच समजू देतो. पण तो आवाज वर-खाली होत होता, दादा. शिफ्टचा भोंगा तसा वाजत नाही. आणि तुझ्यामागे पळणाऱ्या माणसांचा गलका ऐकू येत होता.

आता खरं सांगतो. माझा व्हिसा आला आहे, तुझ्याच कंपनीचा. लढाई लागली तेव्हा आई मला थांब म्हणाली होती. भोंगा ऐकून तिचं मन वळलं. परवाच्या फोनवर तिनं तुला विचारलं, तेव्हा तू जरा थांबलास आणि म्हणालास, "पाठव त्याले." त्या थांबण्यापाशी मी अडकलो आहे. आईला धीर यावा म्हणून बोललास, की तिथे एकट्याला भीती वाटते म्हणून? आईसाठी असेल तर कळव. मी एजंटला नाही म्हणतो, घरी काय सांगायचं ते माझ्यावर सोड. भीती वाटत असेल तर तसंही लिही, लाजू नकोस. मी येतो.

उत्तराशिवाय चैन नसलेला, तुझाच
सुगत