कार्डावरचं ‘इन्फॉर्मल’

अप्पा, आज आईनं परत तेच म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. रविवारी तुमच्या नातीचं, माझ्या मुलीचं, रिसेप्शन आहे. पोरांनी मोबाइलवर कार्ड पाठवलंय आणि खाली इंग्रजीत लिहिलंय, ‘फेस्टिव्ह, पण कम्फर्टेबल’. म्हणजे नेमकं काय, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नाही. मुलगी म्हणते, "आजी, तुला पाहिजे ते नेस गं." आणि सत्त्याऐंशी वर्षांची तुमची बायको शेंगा मोडता मोडता म्हणते, "मी घरीच राहते की. मला नऊवारीशिवाय काय येतंय? चारचौघांत त्यांना आवडायचं नाही." त्यांना! तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, अप्पा. अजून तुम्ही दारात उभे राहून तिला आत पाठवताय, आणि ती निमूट जातेय.

तुमच्या साहेबांचं ते कार्ड आठवतंय ना? बंगल्यावर चहापान, सहकुटुंब यावे, आणि खाली एक ओळ: ‘ड्रेस इन्फॉर्मल’. आठ दिवस त्या एका शब्दानं घर नाचवलं. शेजारच्या हेडमास्तरांना विचारलंत, ते म्हणाले, सूट नको. ऑफिसातले हेडक्लार्क म्हणाले, "अय्यो, मोठ्या लोकांचं इन्फॉर्मल म्हणजे सूटच, फक्त टाय नसतोय." तुम्ही डिक्शनरी काढलीत. अनौपचारिक, एवढंच होतं तिच्यात. अनौपचारिक माणसानं अंगात काय घालायचं ते नव्हतं. शेवटी दसऱ्याला घालायचा काळा लांब कोट काढलात, लष्कर मोहल्ल्यातल्या लाँड्रीत देऊन इस्त्री करून आणलात. आईचं काय, हे त्या आठ दिवसांत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.

तिनं तिचं ठरवलं होतं. लग्नातली जांभळी रेशमी नऊवारी, चापूनचोपून नेसलेली, नथ, केसांत मल्लिगेचा गजरा. स्वयंपाकघराच्या दारात ती उभी आहे, गालातल्या गालात हसतेय, कारण साहेबांच्या घरचं बोलावणं तिला जन्मात पहिल्यांदा आलंय. तुम्ही तिच्याकडे न बघता मनगटावर घड्याळ बांधताय. "तू राहू दे," म्हणालात. "तिथं सगळ्या सहावारीवाल्या असतात. तुला सुम्ने, उगीच अवघडल्यासारखं होईल." ती म्हणाली, "आधी सांगायचं होतंत. शेजारणीकडून शिकून घेतली असती." तुम्ही घड्याळाला किल्ली देत राहिलात. मग ती "बरं" म्हणाली, आत गेली, आणि आम्ही निघेपर्यंत जुनं लुगडं नेसून हुळीच्या आमटीला फोडणी देत होती. त्यानंतर देवळं आणि नात्यातली मुंज-लग्नं सोडली, तर ती तुमच्याबरोबर कुठं म्हणता कुठं आली नाही.

आणि तिथं काय होतं, अप्पा? साहेब स्वतः बुशशर्टात! तुम्ही एकटे त्या काळ्या कोटात घामानं निथळत होतात. आणि हॉलच्या मधोमध वेताच्या खुर्चीत साहेबांची आई बसली होती, कासोट्याची नऊवारी नेसून. येणारा जाणारा तिच्या पाया पडत होता. तुम्हीही पडलात. तुम्ही वाकलात तेव्हा मी तुमचं तोंड बघत होते. घरी येऊन तुम्ही आईला एवढंच सांगितलंत की उप्पीट बरं होतं.

आता पुढचं. हे मला लिहायचं नव्हतं, पण लिहायला बसले ते यासाठीच. चहापानाच्या आदल्या दिवशी कोट आणायला मी तुमच्याबरोबर आले होते. अकरा वर्षांची होते. त्याच्या महिनाभर आधी माझ्या मैत्रिणीच्या घरी बारशाला गेलो होतो, तेव्हा दारातल्या बाईनं आईची नऊवारी बघून कानडीत म्हटलं होतं, "अडिगेयवरा? हिंदिनिंद बन्नि." स्वयंपाकाच्या बाई का, मागच्या दारानं या. आई खळखळून हसली आणि पुढच्या दारानंच आत गेली. मला हसू आलं नाही. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. साहेबांची मुलगी माझ्याच वर्गात होती. म्हणून सायकलच्या दांड्यावर बसून मी तुम्हाला म्हटलं, "आई आली तर मी येणार नाही." तुम्ही सायकल थांबवलीत. मग म्हणालात, "बरं. तुझं नाव नाही सांगत तिला."

आणि नाही सांगितलंत! मोठे हरिश्चंद्र! एवढ्याशा पोरीचं ऐकतात? एक मुस्कटात ठेवून द्यायची होती, अप्पा. म्हणायचं होतं, ही तुझी आई आहे, शिंगं फुटली काय तुला? मी रडले असते, दोन दिवस रुसले असते, आणि ती जांभळी नऊवारी नेसून आपल्याबरोबर आली असती. की तुम्हालाही तेच हवं होतं? तोंडानं म्हणायचं धाडस नव्हतं आणि माझं आयतं निमित्त मिळालं? मरेपर्यंत सांगितलं नाहीत. इतकी वर्षं मी तुमच्यावर चरफडतेय, आणि तुमच्यावर किती नि माझ्यावर किती, ते मला अजून कळत नाही.

सकाळी मी आईवर ओरडले. म्हटलं, अप्पा गेले, आता कुणाची भीती? तर शेंगांची परात बाजूला सरकवून ती म्हणाली, "भीती नव्हे गं. त्यांना लाज वाटायची माझी. तुला मात्र कधी वाटली नाही. म्हणून तर तुझ्याकडे राहते."

मी काय केलं सांगू? मी "हो" म्हणाले. तुमच्या माथ्यावर जे खापर होतं ते तसंच राहू दिलं. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच एवढं लिहिता आलं. जिला पोचेल, ती पलीकडच्या खोलीत जागी आहे. मधे नुसता एक पडदा आहे, आणि मी अजून खुर्चीवरून उठलेले नाही.